मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची व्हीलचेअर, आणि गाडीबाहेरचा सगळा दिवस

कुत्रा मागच्या पायांवर उभा राहीनासा झाला की घरातलं कुणीतरी पहिल्याच संध्याकाळी व्हीलचेअर शोधायला लागतं. मागे चाकं लावून धावणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ पाहिला की जीवात जीव येतो, हे खरंच आहे. पण या चाकांच्या गाडीत कुत्रा दिवसाकाठी तास-दीड तास असतो. बाकीचा वेळ तो अंथरुणावर, फरशीवर आणि तुमच्या हातात असतो. त्याचं मूत्राशय वेळेवर रिकामं होतंय का, कातडी कोरडी राहतेय का, वजन आटोक्यात आहे का, यावर त्याची तब्येत ठरते. म्हणून इथे गाडीचा विषय मध्यावर येईल. आधीच्या गोष्टी आधी.

पहिली पायरी: पाय का गेले, ते समजून घ्या

"म्हातारा झालाय, होतं असं" म्हणून थांबू नका. पाय जाण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकात पुढचा मार्ग वेगळा असतो. डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तुमच्याकडेच असते: हे एकाएकी झालं की हळूहळू, आणि कुत्र्याला दुखतंय का.

काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला कुत्रा आज मागचे पाय ओढत असेल तर ती तातडीची वेळ आहे. डॅशहंड, पेकिनीज, बीगल, फ्रेंच बुलडॉग अशा जातींमध्ये मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येणं खूप आढळतं, आणि तेही ऐन तारुण्यात, साधारण 3 ते 7 वर्षांच्या दरम्यान. अशा वेळी डॉक्टर पायाच्या बोटाचं हाड चिमट्यात जोरात दाबून खोल वेदना जाणवते का ते पाहतात. वेदना जाणवत असेल तर शस्त्रक्रियेनंतर 10 पैकी सुमारे 9 कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेली असेल तर शक्यता जवळपास निम्म्यावर येते, आणि उशीर करणं परवडत नाही. त्यामुळे "सकाळपर्यंत बघू" हा निर्णय घरात घेऊ नका. फोन करा आणि डॉक्टरांना ठरवू द्या.

ही बोट दाबण्याची परीक्षा घरी करून बरेच जण फसतात. बोट दाबल्यावर पाय मागे ओढला गेला म्हणजे जाणीव आहे, असं नाही. पाय ओढला जाणं ही मज्जारज्जूतल्या खालच्या भागाची प्रतिक्षिप्त क्रिया असते, तिला मेंदूची गरज लागत नाही. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, कण्हला, चावायला आला, तरच दुखणं मेंदूपर्यंत पोचलं. जोर किती लावायचा आणि काय पाहायचं हे डॉक्टरांवर सोडलेलं बरं.

खेळता खेळता एकदम किंचाळून कोसळलेला, एक बाजू जास्त लुळी पडलेला, पण दुसऱ्या दिवशी दुखण्याचं काहीच चिन्ह न दाखवणारा कुत्रा वेगळ्या गटात मोडतो. गादीतला सूक्ष्म कण रक्तवाहिनीत अडकून मज्जारज्जूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा थांबलेला असू शकतो. यात शस्त्रक्रिया नसते. व्यायाम आणि देखभाल हाच उपचार, आणि पुष्कळ कुत्री काही आठवड्यांत सुधारतात. रस्त्यावर वाहनाखाली सापडलेल्या किंवा उंचावरून पडलेल्या कुत्र्याला मात्र पोटाखाली हात घालून उचलू नका. फळी, जाड पुठ्ठा किंवा ताणून धरलेली चादर यावर सरकवून घ्या आणि पाठ न वाकवता दवाखान्यात न्या.

हळूहळू येणाऱ्या आजारांमध्ये जर्मन शेफर्ड, बॉक्सर आणि पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी या जातींमधला डीजनरेटिव्ह मायलोपॅथी हा आजार लक्षात ठेवा. सहसा वयाच्या 8 वर्षांनंतर सुरू होतो. आधी मागच्या पायाची नखं झिजलेली दिसतात, चालताना पंजा उलटा पडतो, वळताना मागचा भाग लडखडतो. मज्जारज्जू क्षीण होत जातो, पण दुखत नाही. सांधेदुखी आणि खुब्याच्या सांध्याची विकृती यांत गोष्ट उलट असते: नसा शाबूत, पण प्रत्येक पाऊल दुखतं. अशा कुत्र्याला आधी वेदनेवर नीट औषध हवं, व्हीलचेअरचा विचार त्यानंतर. कित्येकदा दुखणं कमी झालं की गाडीची गरजच उरत नाही.

गादी सरकल्याचं निदान झालं आणि शस्त्रक्रिया होणार नसेल, तर 4 ते 6 आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे पिंजऱ्यासारख्या बंदिस्त जागेत, सक्तीची विश्रांती सांगितली जाते. या काळात व्हीलचेअर नको. कुत्र्याला बरं वाटावं म्हणून दोन दिवसांत गाडीला जुंपलं, तर सरकलेली गादी आणखी बाहेर येऊ शकते. गाडी कधी लावायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी पायरी: लघवी

हा भाग मी गाडीच्या आधी ठेवला आहे, कारण इथली हयगय जिवावर बेतू शकते. मज्जारज्जूला इजा झाली की कुत्र्याला मूत्राशय भरल्याचं कळत नाही, किंवा कळूनही ते रिकामं करता येत नाही. बिछाना ओला दिसतो आणि घरच्यांना वाटतं, लघवी होतेय. बऱ्याचदा ते काठोकाठ भरून वाहणं असतं. मूत्राशय तट्ट फुगलेलं, आणि वरून थोडं थोडं गळतंय. ताणले गेलेले मूत्राशयाचे स्नायू पुढे कायमचे सैल पडतात, साठलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो.

म्हणून लघवी हाताने दाबून काढायला शिका, आणि ते डॉक्टरांच्या किंवा तिथल्या परिचारिकेच्या समोर शिका. वाचून पद्धत कळते, पण दाब किती द्यायचा हे हातालाच कळावं लागतं. त्यांनी करून दाखवल्यावर लगेच तुम्ही करा, त्यांचा हात तुमच्या हातावर असू द्या. घरी जाण्याआधी एकदा तरी तुमच्या हाताने धार आलेली असली पाहिजे.

पद्धत अशी. कुत्र्याला आधार देऊन उभं करा किंवा कुशीवर झोपवा. दोन्ही तळहात सपाट ठेवून पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या पायांच्या जरा पुढे लावा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. हळूहळू दोन्ही हात एकमेकांकडे आणा. मध्ये पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागेल, तेच मूत्राशय. आता संथ, एकसारखा दाब आत आणि किंचित शेपटीकडे द्या. धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवा. थांबली की सोडा, क्षणभर वाट पाहा, पुन्हा दाबा. शेवटी ते लहान आणि मऊ लागायला हवं. पोट घट्ट आवळून घेणारा कुत्रा घाबरलेला असतो. त्याच्याशी बोलत राहा, श्वास सोडताना दाब द्या.

दिवसातून 3 ते 4 वेळा, म्हणजे दर 6 ते 8 तासांनी हे करावं लागतं. रात्री उशिराची एक वेळ आणि पहाटेची एक वेळ ठरवली तर मधली झोप मोडत नाही. मादीत हे सहसा सोपं जातं. नरात मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्यामुळे, आणि इजा पाठीच्या वरच्या भागात असेल तर मूत्राशयाच्या तोंडाची झडप घट्ट आवळलेली असल्यामुळे, सुरुवातीला जड जातं. अशा वेळी जोर वाढवू नका. फार जोर लावला तर मूत्राशय फाटू शकतं. झडप सैल करणारी औषधं असतात, ती डॉक्टर देतात. मूत्राशय मोठं लागतंय आणि थेंबही येत नाही, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नळी घालून लघवी काढावी लागेल.

संवेदना गेलेल्या कुत्र्याला संसर्ग झाला तरी जळजळ जाणवत नाही, त्यामुळे तो काही दाखवत नाही. तुमचं नाक आणि डोळे कामी येतात. वास उग्र झाला, रंग गढूळ किंवा लालसर दिसला, कुत्रा मलूल झाला, जेवण टाकलं, तर लघवीची तपासणी करून घ्या. लक्षणं नसतानाही अधूनमधून कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, करून घेणं शहाणपणाचं आहे. आणि डायपर हा उपाय समजू नका. डायपर घर कोरडं ठेवतो, मूत्राशय रिकामं करत नाही. लावायचाच असेल तर मूत्राशय रिकामं केल्यावर लावा आणि ओला होताच बदला.

शीचं काम त्यामानाने सोपं. मागचे पाय गेलेली बरीच कुत्री शी आपोआप करतात, फक्त त्यांना ती केल्याचं कळत नाही. जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवल्या की शीची वेळही पक्की होते. जेवणानंतर शेपटी वर धरून गुदद्वाराभोवती ओल्या कापडाने हलकं पुसलं तर पुष्कळांना तिथल्या तिथे होते. शी घट्ट बांधून होईल असा आहार डॉक्टरांना विचारून ठेवा, स्वच्छता निम्मी सोपी होते.

तिसरी पायरी: अंथरूण आणि कातडी

जखम होण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कोपर, खुब्याचं वर आलेलं हाड, मागच्या पायाचा घोटा, छातीचं हाड, बसण्याची हाडं. आधी तिथले केस जातात, मग कातडी लाल होते, आणि ती लाली दाब काढल्यावरही जात नाही. इथेच थांबवायचं. कातडी फुटली की हाडावरची जखम भरायला महिने लागतात.

फोमची गादी जाड असू द्या. कुत्रा झोपल्यावर त्याच्या हाडाखाली हात घाला. जमीन हाताला जाणवत असेल तर गादी पातळ आहे. गादीला पाणी न झिरपणारं कव्हर आणि त्यावर ओल खाली खेचणारं मऊ कापड घाला. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर 4 तासांनी तुम्ही बदला. कुत्रा वजनदार असेल तर त्याहून लवकर.

लघवी लागलेली कातडी दिवसभरात भाजल्यासारखी लाल होते. पोटाखालचे, मांड्यांच्या आतले आणि शेपटीखालचे केस बारीक कापून ठेवा, कोमट पाण्याने धुवा, आणि घासू नका, टिपून कोरडं करा. बाळांना लावतात ती झिंक ऑक्साइडची क्रीम इथे वापरू नका. कुत्रा ती चाटतो आणि झिंक पोटात जाणं त्याला विषारी आहे. चाटलं तरी चालेल असं मलम डॉक्टर सांगतील.

माश्या असतील त्या दिवसांत ओली, वास मारणारी कातडी फार धोक्याची. एका दिवसात अळ्या पडू शकतात, आणि मागच्या भागात संवेदना नसलेला कुत्रा ते सांगूही शकत नाही. रोज एकदा उजेडात, शेपटी उचलून, मांड्या फाकवून, बोटांच्या मधे पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. ते चुकवू नका.

काही कुत्री बधिर झालेला पाय किंवा शेपटी चावू लागतात. सुरुवातीला चाटणं असतं, मग बोटंच कुरतडली जातात. चाटणं वाढलेलं दिसलं की गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घाला आणि डॉक्टरांना सांगा, नसांमधल्या विचित्र संवेदनांवर औषध असतं.

चौथी पायरी: घरातली हालचाल

गुळगुळीत फरशी हा पाय कमजोर झालेल्या कुत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पाय फाकतात, तो घाबरतो आणि उठणंच सोडतो. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅटची पट्टी टाका. नखं कापा, तळव्यांमधले केस कापा. जिन्याला फाटक लावा. एवढ्यानेच काही कुत्री पुन्हा स्वतःहून उठू लागतात.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, पाठ जमिनीला समांतर. पुढचे पाय धरून वर खेचायचं नाही. मोठ्या कुत्र्यासाठी मागच्या भागाला आधार देणारं, पायांसाठी भोकं असलेलं आणि वर मूठ असलेलं हार्नेस घ्या. ते येईपर्यंत लांब टॉवेल मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. नर असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर दाबत नाही ना, ते पाहा. उचलण्याची उंची पाठ सरळ राहील इतकीच. मागचा भाग वर झाला की सगळा भार पुढच्या पायांवर आणि मानेवर जातो.

घरात थोडं घसटत फिरला तर मऊ जागेवर हरकत नाही. खडबडीत जमिनीवर मात्र पंजांची वरची बाजू काही मिनिटांत सोलते. मागचा भाग झाकणारी गुळगुळीत कापडी पिशवी किंवा बूट उपयोगी पडतात, पण काही तासांनी काढून कातडीला हवा लागू द्या. बूट जागेवर राहावा म्हणून रबरबँड किंवा घट्ट चिकटपट्टी कधीच नको. बधिर पायाचा रक्तपुरवठा तुटला तरी कुत्रा ओरडणार नाही, आणि पाय गमवावा लागेल.

पाचवी पायरी: गाडी निवडणं आणि मापं

मागच्या पायांची गाडी कोणाला चालेल, याची साधी चाचणी टॉवेलनेच होते. मागचा भाग टॉवेलने नैसर्गिक उंचीवर धरा आणि कुत्र्याला पुढे चालू द्या. काही मिनिटं तो न अडखळता, मान खाली न घालता पुढच्या पायांवर चालला, तर दोन चाकांची मागची गाडी त्याला पुरेल. पुढचे पायही थरथरत असतील तर पुढच्या भागालाही चाकांचा आधार देणारी, म्हणजे चार चाकांची गाडी लागेल. पुढचा पाय कापावा लागलेल्या किंवा पुढचे पाय जन्मतः नसलेल्या कुत्र्यांसाठी पुढच्या चाकांची गाडी असते. तिची मापं अवघड असतात, ती फिजिओथेरपी करणाऱ्या पशुवैद्याच्या मदतीनेच घ्या.

मापं घेताना दोन माणसं हवीत. झोपलेल्या कुत्र्याची मापं उपयोगाची नाहीत. एकाने त्याला उभं धरावं, पाठ सरळ, पंजे जिथे टेकायला हवेत तिथे टेकलेले. दुसऱ्याने शिवणकामाच्या मऊ टेपने मोजावं. बहुतेक बनवणारे वजन, मागच्या भागाची सर्वांत जास्त रुंदी, जांघेच्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची, काखेच्या मागून मागच्या पायाच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि पुढच्या पायांमागचा छातीचा घेर मागतात. प्रत्येकाच्या आकृतीत खुणा थोड्या वेगळ्या असतात, तेव्हा ज्याची गाडी घेणार त्याचीच आकृती समोर ठेवा. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा घ्या, सरासरी काढत बसू नका. शक्य असेल तर बाजूने आणि समोरून उभ्या कुत्र्याचे फोटोही पाठवा.

वाढत्या पिल्लाला किंवा बरं होण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला कमी-जास्त करता येणारी गाडी पुरते. कायमच्या अपंगत्वासाठी मापाने बनवलेली हलकी ॲल्युमिनियमची गाडी सुखाची. वापरलेली गाडी घ्यायला काहीच हरकत नाही, मापं जुळली पाहिजेत एवढंच. पीव्हीसी पाइप जोडून घरी गाडी बनवता येते, आणि लहान, हलक्या कुत्र्याला गाडी सोसते का हे पाहायला ती चांगली आहे. मोठ्या कुत्र्यासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. पाइप वाकतो, चाक तिरकं होतं आणि सगळा ताण खांद्यांवर येतो. बनवलीच तर पाइपच्या कापलेल्या कडा घासा आणि अंगाला लागणारा प्रत्येक भाग जाड फोमने गुंडाळा.

सहावी पायरी: बसवणं

गाडी आल्याच्या उत्साहात कुत्र्याला घालून बाहेर नेऊ नका. आधी ती खोलीत तशीच ठेवा. त्याला हुंगू द्या, तिच्याजवळ खाऊ द्या. मग मागचे पाय उचलून खोगिराच्या, म्हणजे मागचा भाग टेकवायच्या बैठकीच्या, कड्यांतून घाला, पार्श्वभाग टेकवा, आणि शेवटी पुढचा पट्टा लावा. मोठ्या कुत्र्याला उचलण्यापेक्षा गाडीच मागून त्याच्याखाली आणा.

आता बाजूला बसून नीट पाहा. पाठ जमिनीला समांतर हवी. मागे झुकलेली असेल तर खोगीर उंच करा, पुढे झुकलेली असेल तर खाली घ्या. चाकं उभी सरळ हवीत. पट्ट्यांखाली दोन बोटं जायला हवीत. जांघेत आणि नराच्या अंडकोशाजवळ काही दाबत नाही ना, ते हात घालून पाहा. नंतर खांद्याजवळची दांडी एक-दोन बोटांनी उचलून बघा. ती सहज उचलली गेली पाहिजे. जड लागली तर भार खांद्यांवर पडतोय, चाकं थोडी पुढे सरकवा. उलट पुढचा भाग आपोआप वर उचलला जात असेल, तर चाकं मागे घ्या. सगळ्या जोडणीत हा तोल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "माझ्या कुत्र्याला गाडी आवडलीच नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी हाच तोल तपासायला सांगते.

पायात थोडीही हालचाल असेल तर पंजे जमिनीला टेकू द्या. चालता चालता होणारा हा व्यायाम फार मोलाचा आहे. हालचाल अजिबात नसेल तर पाय गाडीच्या रिकिबीत (पाय वर टांगून ठेवणाऱ्या पट्ट्यात) अडकवा, नाहीतर पंजे घासतील.

पहिल्या दिवशी 5 मिनिटं, सपाट जमिनीवर. पुढे चालत जा, खाऊ दाखवा, मागून ढकलू नका. काही कुत्री पहिल्याच मिनिटाला पळत सुटतात. काही खांबासारखी उभी राहतात आणि तुमच्याकडे बघत बसतात. दोन्ही ठीक आहे. दोन-तीन दिवसांत 10 ते 15 मिनिटांवर या आणि पुढच्या काही आठवड्यांत खांदे मजबूत होतील तसं 30 ते 45 मिनिटांपर्यंत, मधे विश्रांती देऊन. बहुतेक गाड्यांमध्ये कुत्र्याला बसता किंवा आडवं होता येत नाही, म्हणून तो थबकला, धापा टाकू लागला, मान खाली गेली की लगेच बाहेर काढा. गाडीत त्याला कधीही एकटं सोडू नका. टेबलाच्या पायात चाक अडकतं, उंबरठ्यावर किंवा उतारावर गाडी उलटते, आणि उलटलेला कुत्रा स्वतः उठू शकत नाही. पुष्कळ कुत्री उभी झाल्यावर गाडीतच शी-लघवी करतात. ते चांगलंच आहे, पण मूत्राशय पूर्ण रिकामं झालं की नाही ते नंतर हाताने पाहाच.

प्रत्येक फेरीनंतर काखा, खांदे आणि जांघा तपासा. हलकी लाली 10-15 मिनिटांत गेली तर चिंता नाही. राहिली, तर पट्टा सैल करा किंवा तिथे मऊ अस्तर लावा, आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत गाडी बंद.

व्यायाम, वजन, औषधं

झोपलेल्या अवस्थेत मागच्या पायाचा प्रत्येक सांधा, बोटांपासून खुब्यापर्यंत, हळू वाकवा आणि सरळ करा. 10 ते 15 वेळा, दिवसातून 2-3 वेळा. जिथे अडतं तिथे थांबा, जोर नको. यामुळे पाय पुन्हा चालतील असं नाही, पण सांधे आखडत नाहीत आणि गाडीत पाय नीट बसतात. त्याला आधार देऊन दिवसातून काही वेळा मिनिटभर उभं करणं, मांड्यांना मालीश, आणि सोय असेल तर पाण्यातल्या ट्रेडमिलवरचे व्यायाम, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. बधिर पायाला गरम पिशवीचा शेक देऊ नका. भाजलेलं त्याला कळत नाही.

मागचे पाय गेल्यावर सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो, आणि हालचाल कमी झाल्यामुळे वजन वाढायला लागतं. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. कमी खाण्याचा सांध्यांवर किती परिणाम होतो हे 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात दिसलं, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांपेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळालेली कुत्री जवळपास 2 वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीच्या उपचारांची गरज उशिरा पडली. तेव्हा दयेपोटी वाटी वाढवू नका. माया दाखवायला त्याच्याजवळ बसणं, हुंगत शोधायचे खेळ, आणि त्याची गादी माणसांच्या वर्दळीच्या खोलीत हलवणं, हे सगळं आहे.

घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला, यकृताला गंभीर इजा होते. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड सुरू असताना दुसरं वेदनाशामक चालू केलं तर आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

पुढचे महिने

लघवीच्या वेळा, शी, खाणं, गाडीतली मिनिटं आणि कातडीवर दिसलेलं काहीही, हे एका वहीत लिहायला लागा. घरात दोन माणसं आलटून पालटून करत असतील तर वहीशिवाय एखादी वेळ हमखास चुकते. शिवाय एक तरी माणूस असा तयार करा, ज्याला लघवी दाबून काढता येते. तुम्ही आजारी पडलात तर तो माणूस लागेल.

डीजनरेटिव्ह मायलोपॅथीसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात गाडी लवकर घ्या, अजून चालतोय तेव्हाच. बरीच कुत्री पहिल्या लक्षणांपासून 6 ते 12 महिन्यांत मागच्या पायांवर चालेनाशी होतात. अंगात ताकद असताना गाडीची सवय लागली तर खांदे तयार होतात. पुढे पुढचे पायही कमजोर होतात, तेव्हा भार मागे घेणारी किंवा चार चाकांची गाडी लागते. कुत्रा उठूच शकत नसेल तर त्याला छातीवर, मान वर ठेवून बसवत राहा. सतत कुशीवर पडून राहिल्याने आणि खाणं श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया होतो.

पाय गेले म्हणजे जगण्यात राम उरला नाही, असं कुणी सांगितलं तर घाईने मान डोलवू नका. न दुखणारा, भुकेने जेवणारा, दार वाजलं की भुंकणारा कुत्रा गाडीत वर्षानुवर्षं छान जगतो. पण हा प्रश्न कधीच विचारायचा नाही, असंही नाही. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य महिलेने 2004 मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस वाईटांपेक्षा जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर देखभाल चालू ठेवणं योग्य मानलं जातं. आठवड्यातून एकदा, घरातल्या दोन माणसांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि वहीत लिहावेत. आकडा सलग घसरताना दिसला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध बदलून, जखमेवर उपचार करून काही परत मिळवता येतंय का ते विचारा, आणि येत नसेल तर दयामरणाबद्दलही त्याच भेटीत मोकळेपणाने बोला.